एकाचा फरक

अण्णांच्या शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम असायच्या: चपटी लाल पेन्सिल, घडीची फूटपट्टी आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं एक लहानसं गुंडाळं. पेन्सिल खिशातून कानावर गेली की काम सुरू झालं, असं आम्ही समजायचो. दोऱ्याचं मात्र मला कोडं होतं. लांबीला पट्टी आहे, काटकोनाला गुण्या आहे, उभ्या रेषेला ओळंबा आहे. मग दोरा कशाला?

नववीत असताना ते कळलं. गावातल्या एका जुन्या वाड्यात माजघरासाठी कपाट करायचं काम अण्णांकडे आलं होतं. वर सागवानी तुळया, त्यातली मधली थोडी झुकलेली. जमिनीपासून तिथपर्यंत बरोबर ८८ इंच. घरच्या काकूंना कपाट जेवढं उंच मिळेल तेवढं हवं होतं, म्हणून उंची ठरली ८६ इंच आणि खोली २० इंच. वर दोन इंच मोकळे राहणार होते. सांगाडा माजघरातच, जमिनीवर पाठ टेकवून आडवा जोडला. रविवार होता, मी डबा घेऊन गेले होते.

फळ्या ठोकायच्या आधी अण्णांनी दोरा काढला. सांगाड्याच्या बाजूवर, खालच्या मागच्या कोपऱ्यापासून वरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत तो तिरका ताणला आणि तिथे गाठ मारली. मग उठले, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली जमिनीवर दाबलं आणि दुसरं हात उंच करून तुळईला लावलं. दोरा तुळईला टेकला तरी गाठ आली नव्हती. करंगळीच्या नखाएवढा दोरा उरला होता.

"हे उभं राहायचं नाही," ते हाताखालच्या गड्याला म्हणाले. "उठवतानाच अडकणार."

आडवं कपाट उभं करताना ते एका क्षणी असं तिरकं होतं की त्याचा एक कोपरा जमिनीवर आणि समोरचा कोपरा बरोब्बर त्याच्या डोक्यावर असतो. त्या क्षणी कपाटाची उंची ८६ इंच नसते, त्याच्या कर्णाएवढी असते. मला पायथागोरसचं प्रमेय येत होतं, भागाकार पद्धतीनं वर्गमूळ काढायला नुकतंच शिकवलं होतं. मी पेन्सिल मागितली आणि रंधा मारलेल्या एका फळीवर गणित मांडलं. ८६ चा वर्ग ७३९६, २० चा ४००, बेरीज ७७९६. मग दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडल्या, दुपटीनं भाजक घेतला, शून्यं उतरवली. आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये सांगितलेली रीत मुळात हीच आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं. पाचेक मिनिटांनी उत्तर आलं.

"अण्णा, ८८.२९!"

"किती ते राहू दे पोरी. अठ्ठ्याऐंशीच्या वर आहे ना?"

तोवर त्यांनी उपायही काढला होता. खालची चार इंचांची बैठक वेगळी करायची, ८२ इंचांचं कपाट उभं करायचं आणि मग उचलून बैठकीवर ठेवायचं. दोरा पुन्हा ताणला, तुळईला लावून पाहिला. आता गाठीला साडेतीन इंच जागा होती.

मी फळीवरच्या आकड्यांकडे बघत राहिले. ८८ चा वर्ग ७७४४. माझी बेरीज ७७९६. ७७९६ मोठी, म्हणून कर्ण ८८ पेक्षा मोठा, म्हणून कपाट अडकणार. वर्गमूळ काढायची गरजच नव्हती. दोऱ्यानंही ते काढलं नव्हतं. त्यानं कर्ण उचलून तुळईशेजारी नेऊन ठेवला होता, बस.

आता मी नववी-दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. करणींची, म्हणजे √२० सारख्या पूर्ण न सुटणाऱ्या मुळांची, तुलना आली की मुलांचा हात आधी मोबाइलकडे जातो. मी तो थांबवते, पण कॅल्क्युलेटरशी माझं वैर नाही. मला एवढंच वाटतं की 'मोठं कोणतं' हा प्रश्न 'केवढं आहे' या प्रश्नापेक्षा वेगळा आहे आणि मुलांना तो वेगळा म्हणून भेटला पाहिजे. सोळा आणि पंचवीस यांच्यामध्ये वीस आहे, म्हणून √२० चार आणि पाच यांच्यामध्ये आहे. एवढ्यावर कितीतरी प्रश्न सुटतात. याहून जवळ जायचं असेल तर आपल्याकडच्या जुन्या हिशेबाची एक खूण फार उपयोगी पडते: साडेसात गुणिले साडेसात म्हणजे सात आठ्ठे छप्पन्न आणि वर पाव, सव्वाछप्पन्न. साडेआठचा वर्ग आठ नव्वे बहात्तर आणि पाव, सव्वाबहात्तर. म्हणजे √५६ साडेसातपेक्षा किंचित कमी, √५७ किंचित जास्त. दिडकी-अडीचकी म्हणत वाढलेल्या माणसाला हे तोंडी येतं. आजच्या मुलांनाही पाच मिनिटांत येतं, आणि आलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

काही वर्षांपूर्वी मी एका बॅचला विचारलं: √२ + √३ मोठं की π?

फळ्यावर तीन उत्तरं आली. एकानं १.४ आणि १.७ घेतले, बेरीज ३.१, म्हणून π मोठं. दुसरीनं १.४१ आणि १.७३ घेतले, बेरीज ३.१४, आणि π म्हणजे ३.१४, म्हणून दोन्ही समान. तिसऱ्यानं १.४१४ आणि १.७३२ घेतले, बेरीज ३.१४६, म्हणून बेरीज मोठी. तिघांनी अंदाजच केला होता, तिघांची बेरीज अचूक होती आणि तिघांचं म्हणणं एकमेकांशी जुळत नव्हतं. "मॅडम, मग किती दशांश स्थळं घ्यायची?" एकानं विचारलं. रास्त प्रश्न होता.

किती घ्यायची हे आधी सांगता येत नाही. पण घेतलेला आकडा खऱ्या किमतीच्या कोणत्या बाजूला आहे, हे मात्र प्रत्येक वेळी सांगता येतं आणि सांगावंच लागतं. १.४१४ चा वर्ग १.९९९३९६, दोनपेक्षा कमी. म्हणून √२ नक्की १.४१४ पेक्षा मोठं. १.७३२ चा वर्ग २.९९९८२४, तीनपेक्षा कमी. म्हणून √३ नक्की १.७३२ पेक्षा मोठं. दोघांची बेरीज नक्की ३.१४६ पेक्षा मोठी. आता π कडून असा आकडा हवा की जो π पेक्षा नक्की मोठा आहे, तरीही ३.१४६ पर्यंत पोचत नाही. आणि तो आपल्या सगळ्यांच्या पाठीशी सहावी-सातवीपासून उभा आहे: २२/७, म्हणजे ३.१४२८ आणि पुढे.

शाळेत आपण २२/७ म्हणजेच π असं लिहीत आलो. त्याचं खरं मोल त्यामुळे झाकलं गेलं, याची मला मनापासून हळहळ वाटते. आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वर्तुळाच्या बाहेरून आणि आतून ९६ बाजूंचे बहुभुज काढून दाखवलं होतं की π हा २२/७ पेक्षा लहान आणि २२३/७१ पेक्षा मोठा आहे. २२/७ ही कुंपणाची वरची तार आहे. ती वरची आहे हे माहीत असेल तरच √२ + √३ आणि π यांचा निकाल लागतो: बेरीज ३.१४६ च्या वर, π ३.१४३ च्या खाली. संपलं. एकही जास्तीचा दशांश लागला नाही.

त्या मापनात आर्किमिडीजला √३ ची गरज पडते, आणि तिथे तो काय करतो ते पाहण्यासारखं आहे. तो √३ साठी दोन किमती वापरतो. बाहेरच्या बहुभुजासाठी २६५/१५३, ही √३ पेक्षा लहान. आतल्या बहुभुजासाठी १३५१/७८०, ही √३ पेक्षा मोठी. ज्या बाजूला चूक झालेली चालते, त्याच बाजूची किंमत त्यानं त्या त्या ठिकाणी घेतली. हे आकडे त्यानं कुठून आणले ते तो सांगत नाही. पण ते खरे आहेत का, हे आपण कागदावर ताडून पाहू शकतो. १३५१ चा वर्ग १८२५२०१. ७८० चा वर्ग ६०८४००, त्याची तिप्पट १८२५२००.

फरक एक.

या एकाबद्दलच खरं तर मला आज लिहायचं आहे. त्याच्यापर्यंत मी स्वतः एका वेगळ्याच उदाहरणावरून पोचले. √१० + √११ आणि √५ + √१८ यांत मोठं कोणतं? तीन दशांश स्थळं घ्या. ३.१६२ आणि ३.३१७, बेरीज ६.४७९. दुसरीकडे २.२३६ आणि ४.२४३, बेरीज ६.४७९. बरोबरी. इतकी दशांश स्थळं घेऊनही दोन्ही पारडी समान दिसतात.

दशांश बाजूला ठेवून वर्ग करू या. दोन्ही बाजू धन आहेत, त्यामुळे वर्ग केल्यानं लहान-मोठेपणा बदलत नाही. (ऋण संख्या मध्ये आली की हे चालत नाही. उणे तीन दोनपेक्षा लहान, पण त्याचा वर्ग नऊ. इथे मी मुलांना दर वेळी थांबवते.) डावीकडे येतात २१ + २√११०, उजवीकडे २३ + २√९०. दोन्हीकडून २१ वजा करून निम्मे केले की डावीकडे √११०, उजवीकडे १ + √९०. पुन्हा वर्ग: ११० आणि ९१ + २√९०. ९१ वजा केले: १९ आणि २√९०. शेवटचा वर्ग: ३६१ आणि ३६०.

डावी बाजू मोठी.

सुरुवातीला जो फरक ०.०००२ इतका बारीक होता, तो शेवटी अख्ख्या एकाएवढा होऊन समोर उभा राहिला. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी वही मिटून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते. का होतं असं? कारण वर्ग करत करत आपण वर्गमुळांच्या जगातून पूर्ण संख्यांच्या जगात उतरलो. दोन वर्गमुळं एकमेकांच्या कितीही जवळ सरकू शकतात. पूर्ण संख्यांना ते जमत नाही. त्या एक तर समान असतात, नाही तर त्यांच्यात कमीत कमी एकाचं अंतर असतं. अर्धा, पाव, हजारावा भाग असा फरक त्यांच्यात राहूच शकत नाही.

आणि मग हा एक जिथे तिथे दिसायला लागतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञाच्या वेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, चौरसाच्या कर्णासाठी नियम आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला तर ५७७/४०८ येतात. ५७७ चा वर्ग ३३२९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. पुन्हा एक. √२ अपरिमेय आहे, म्हणजे कोणत्याही अपूर्णांकाचा वर्ग बरोबर दोन होणार नाही, म्हणजे इथे शून्य फरक कधीच मिळणार नाही. मग सर्वांत लहान फरक कोणता उरतो? एक. या आकाराच्या अपूर्णांकाला जेवढं जवळ जाता येतं, तेवढं तो गेलेला आहे. सूत्रकार या किमतीला 'सविशेष' म्हणतात, आणि काही अभ्यासकांना त्या शब्दात किंमत किंचित जास्त असल्याची जाण दिसते. मला तो शब्द फार आवडतो.

आर्किमिडीजच्या खालच्या किमतीत मात्र फरक दोनाचा आहे: २६५ चा वर्ग ७०२२५ आणि १५३ च्या वर्गाची तिप्पट ७०२२७. हा त्याचा ढिलेपणा नव्हे. कोणत्याही पूर्ण वर्गाला तीननं भागलं तर बाकी शून्य किंवा एक उरते, दोन कधीच उरत नाही. त्यामुळे √३ च्या खालच्या बाजूला एकाचा फरक येणंच शक्य नाही, दोन हाच तिथला सर्वांत लहान फरक.

ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये हा एकच प्रश्न म्हणून मांडला. एखाद्या वर्गाला दिलेल्या संख्येनं गुणून त्यात एक मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग कधी मिळेल? याला त्यानं वर्गप्रकृती म्हटलं. पुढे भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात चक्रवाल पद्धतीनं ६१ या संख्येसाठी उत्तर काढून दाखवलं: १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, √६१ ची अशी किंमत मिळते की चूक दशांश चिन्हानंतर सतरा शून्यांनंतर दिसते. आणि वर्ग करून ताडलं की फरक तोच, एक. याच ६१ साठी फ्रेंच गणितज्ञ फर्मा यानं १६५७ मध्ये फ्रेनिकल या गणितज्ञाला आव्हान दिलं होतं. भास्कराचार्यांचं उत्तर त्याच्या पाचशे वर्षं आधीचं आहे.

लीलावतीत त्यांनी वर्गमुळाची आसन्न किंमत काढायची साधी रीतही दिली आहे: संख्येला मोठ्या वर्गानं गुणा, मूळ काढा, मग भागा. अशा मुळाला त्यांनी 'निकट' म्हटलं आहे. उदाहरणात काटकोन करणाऱ्या दोन्ही बाजू सव्वातीन-सव्वातीन आहेत आणि कर्ण विचारला आहे. उत्तर येतं ३६७७/८००, म्हणजे चार आणि वर ४७७/८००. सव्वातीन हे माप पाहिलं तेव्हा मला अण्णांचं कारखान्यातलं बोलणंच ऐकू आलं.

मी त्यांना घेऊन एकदा चाळीसगावजवळ पाटणला गेले होते. तिथे भवानीच्या देवळात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला काय काय दान मिळालं, हे त्यात कोरलेलं आहे. बराचसा संस्कृतात, काही भाग जुन्या मराठीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. आठशे वर्षांपूर्वी या डोंगराच्या पायथ्याशी गणित शिकवण्यासाठी देणग्या नेमून दिल्या होत्या, हे अण्णांना सांगताना माझा आवाज भरून आला. अण्णा लेखाच्या ओळींवरून हात न लावता बोट फिरवत होते. "ओळ कुठे हलली नाही," म्हणाले. "दोरा धरला असणार."

वर्ग करत करत पूर्ण संख्यांपर्यंत उतरण्याची युक्ती चार वर्गमुळांना पुरते. पदं वाढत गेली की मात्र प्रत्येक वर्गाबरोबर नवी वर्गमुळं जन्माला येतात आणि आकडे फुगत जातात. शंभर पदांच्या दोन बेरजा घेतल्या तर मोठी कोणती, हे झटपट आणि खात्रीनं ठरवणारी रीत आहे का? संगणकशास्त्रात हा प्रश्न आजही सुटलेला नाही. नकाशावरच्या दोन वाटांपैकी जवळची कोणती, हा तोच प्रश्न आहे, कारण वाटेचा प्रत्येक तुकडा कुठल्या तरी त्रिकोणाचा कर्ण असतो. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो. नववीच्या पुस्तकातला प्रश्न थोडा ताणला की जगात कुणालाच न सुटलेला प्रश्न समोर येतो, याचा त्यांना धक्का बसतो. बसावाच.

अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. कारखाना बंद झाला, पण नातवंडांसाठी पाट, स्टूल असं काहीबाही चालू असतं. लाकूड कापताना ते आजही मापापेक्षा एक सूत जास्त ठेवतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आखूड कापलेलं लाकूड कुठल्याच कामाचं राहत नाही, जास्तीचं मात्र रंध्यानं मापावर आणता येतं.

मागच्या दिवाळीत ते ओसरीवर दोऱ्याला मेण लावत बसले होते. दोरा ताणला की लांबतो, मेणानं तो कमी लांबतो. मी त्यांना सांगितलं की शुल्ब या शब्दाचा अर्थच दोरी. वेदी आखणारे लोक दोऱ्या ताणून चौरस काढायचे, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे ३४ फुटांच्या चौरस हॉलचा कर्ण येतो ४८ फूट १ इंच.

ते थांबले. "चौतीस फुटांना? आणि चूक किती?"

"इंचाचे साडेअकराशे तुकडे केले तर त्यातला एक."

त्यांनी मनाशी हिशेब केला. सुताचे जवळपास दीडशे तुकडे. रंध्याची नेहमीची ढलपीसुद्धा याहून जाड असते.

"जास्तीच्या बाजूला की कमीच्या?"

"जास्तीच्या."

"मग लाकूड वाया जायचं नाही," अण्णा म्हणाले आणि दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, ताणून धरायला.